शितावरून भात, कॅमेऱ्यावरून माणूस?

प्लेसमेंटच्या पहिल्या फेरीत आता अनेकदा समोर माणूसच नसतो, असतो तो फक्त कॅमेरा. हसणं, नजर, हातवारे, आवाजाचा चढउतार यांवरून तुमचा स्वभाव ओळखून दाखवतो, असा दावा करणारी सॉफ्टवेअर जगभरात विकली गेली आहेत. पण ती नेमकं काय ओळखतात? आणि तेच काम करणारी माणसं तरी काय ओळखतात?

प्लेसमेंट सेलच्या ग्रुपवर लिंक येऊन पडते. 'व्हिडीओ इंटरव्ह्यू, उद्या रात्री बारापर्यंत पूर्ण करा.' मग होस्टेलच्या खोलीत धावपळ सुरू होते. रूममेटला बाहेर पिटाळायचं, मागच्या दोरीवरचे टॉवेल काढायचे, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा अशा वेशात लॅपटॉपसमोर बसायचं. स्क्रीनवर प्रश्न उमटतो. विचार करायला तीस सेकंद, उत्तर द्यायला दोन मिनिटं. समोर कोणी मान डोलावत नाही, कोणी 'अच्छा, पुढे?' म्हणत नाही. दिसतो तो आपलाच अवघडलेला चेहरा आणि कोपऱ्यात उलटे धावणारे सेकंद.

लॅपटॉप बंद केल्यावर डोक्यात पहिला प्रश्न येतो, 'बरं झालं का?' खरं तर त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे. हे बघणार कोण? एचआरमधला माणूस, की एखादा प्रोग्राम? आणि प्रोग्राम असेल, तर तो आपलं बोलणं ऐकणार आहे, की आपण किती वेळा पापण्या मिटल्या तेही मोजणार आहे?

तुमच्या प्रत्येक मुलाखतीत हेच घडतं असं मुळीच नाही. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग शेवटी माणूसच बघतो. पण देहबोलीवरून स्वभाव मोजणारी यंत्रं अस्तित्वात आहेत, ती नोकरभरतीत वापरली गेली आहेत आणि त्यावरून परदेशात तक्रारी, कायदे, बंदी इथवर प्रकरण पोचलं आहे. नोकरीच्या बाजारात पाऊल टाकणाऱ्या पिढीने हे समजून घ्यायलाच हवं.

सहा सेकंदांचे कांदेपोहे

यंत्रांकडे वळण्याआधी स्वतःकडे बघू. माणसाला बघताक्षणी त्याच्याबद्दल मत बनवणं ही आपली जुनी खोड आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बशी हातात येईपर्यंत दोन्ही बाजूंचं निम्मं मत झालेलं असतं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी वर्गात शिरलेल्या मुलाकडे बघून 'हा शायनिंग मारणारा दिसतोय' हे आपण तो तोंड उघडायच्या आधीच ठरवतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

या शिताचा शास्त्रीय अभ्यास केला तो मूळच्या कोलकात्याच्या नलिनी अंबाडी यांनी. दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजमधून त्या अमेरिकेला गेल्या आणि हार्वर्डमध्ये मानसशास्त्रात संशोधन केलं. १९९३ साली त्यांनी रॉबर्ट रोझेन्थाल यांच्यासोबत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्यापीठात शिकवणाऱ्या १३ जणांच्या तासांचं चित्रीकरण घेतलं आणि प्रत्येकाच्या दहा-दहा सेकंदांच्या तीन तुकड्या कापल्या. आवाज पूर्ण बंद. या शिक्षकांना कधीही न भेटलेल्या विद्यार्थिनींना त्या दाखवल्या आणि विचारलं, हा माणूस किती आत्मविश्वासू वाटतो, किती उत्साही, किती आपुलकीचा?

मग हे आकडे सत्र संपल्यावर खऱ्या विद्यार्थ्यांनी त्या शिक्षकांना दिलेल्या गुणांशी ताडून पाहिले. दोन्ही बरेच जुळले. पुढे तुकड्या दोन-दोन सेकंदांच्या केल्या, म्हणजे एका शिक्षकाचे एकूण सहाच सेकंद. तरीही अंदाज बऱ्यापैकी टिकले! 'थिन स्लाइस', म्हणजे पातळ काप, हा शब्द या संशोधनामुळे मानसशास्त्रात रुळला.

हा प्रयोग अनेक ठिकाणी सांगितला जातो आणि त्यातून 'पहिलं इम्प्रेशन बरोबरच असतं' असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो. इथे जरा थांबू. सहा सेकंदांवरून केलेला अंदाज जुळला तो कशाशी? विद्यार्थ्यांच्या मताशी. म्हणजे एका गटाचं मत दुसऱ्या गटाच्या मताशी जुळलं. त्या सरांनी शिकवलेलं मुलांना किती समजलं, हे या गुणांवरून कळत नाही. विनोद करत शिकवणारे सर सगळ्यांना आवडतात. पण परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यांच्या वहीने आपल्याला तारलं, ते सर अनेकदा फळ्याकडे तोंड करून पुटपुटणारे असतात. हा अनुभव कोणाला नाही?

'लोकांना माणूस कसा वाटतो' आणि 'माणूस खरोखर कसा आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखात पुढे जे काही येणार आहे, ते सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

खिडकीची काच

मग देहबोलीवरून काहीच कळत नाही का? कळतं, पण सगळं नाही. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ एगॉन ब्रुन्सविक यांनी यासाठी एक छान कल्पना मांडली होती, भिंगाची. माणसाचा स्वभाव आपल्याला थेट दिसत नाही. दिसतात त्या खुणा: चाल, आवाज, कपडे, हात मिळवण्याची पद्धत. या खुणांच्या भिंगातून आपण आत डोकावतो. आता दोन प्रश्न उरतात. एक, या खुणेचा त्या स्वभावाशी खरंच संबंध आहे का? दोन, बघणारा त्या खुणेला किती महत्त्व देतो? चूक होते ती या दोन्हींचा मेळ बसत नाही तिथे. चष्मा म्हणजे हुशार, गबाळा शर्ट म्हणजे बेजबाबदार, हळू आवाज म्हणजे आत्मविश्वास नाही. बघणारा अशा खुणांना भरपूर वजन देतो, मग त्यांचा आतल्या माणसाशी संबंध असो वा नसो.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायला 'बिग फाइव्ह' नावाची पाच मापं सर्रास वापरतात. बहिर्मुखता, काटेकोरपणा, जुळवून घेण्याची वृत्ती, नवं स्वीकारण्याची तयारी आणि मन पटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. यातली बहिर्मुखता बाहेरून सगळ्यात सहज दिसते. २००९ साली अमेरिकेत लॉरा नॉमन, सिमिन वझीर, सॅम गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे पायापासून डोक्यापर्यंतचे फोटो अनोळखी माणसांना दाखवले. सगळ्यांना एकाच साच्यात, चेहरा कोरा ठेवून उभं केलं, तरी बहिर्मुख कोण याचा अंदाज बरा आला. मनाला येईल तसं उभं राहू दिलं, तेव्हा आणखी गुण ओळखता आले.

बरोबरच आहे. बडबड्या माणसाचा बडबडेपणा लपत नाही. पण कंपनीला जे हवं असतं ते बहुतेक वेळा दुसरंच असतं. हा माणूस वेळेवर काम पूर्ण करील का? चूक झाली तर कबूल करील का? सहकाऱ्याचं श्रेय लाटणार तर नाही? यातली एकही गोष्ट भुवयांवर लिहिलेली नसते. साधं खोटं पकडणंसुद्धा आपल्याला जमत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा माणसांचं खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात.

इथेच आणखी एक भूत उतरवून टाकू. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये किंवा सॉफ्ट स्किल्सच्या तासाला तुम्ही हे ऐकलंच असेल: 'संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५.' हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतले आहेत. त्यात लोकांना सुटे शब्द ऐकवले होते, सोबत वेगवेगळे आवाज आणि चेहऱ्यांचे फोटो होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, इतकाच त्याचा अर्थ. भावना आणि आवडनिवड याच्या पलीकडे हे समीकरण लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलंय. नाहीतर शब्दांशिवाय ९३ टक्के लेक्चर समजलं असतं आणि नोट्स काढायची गरजच उरली नसती.

मशीनला शिकवलं कोणी?

आता यंत्राकडे येऊ. 'माणूस पक्षपाती असतो, कॉम्प्युटर नसतो', हा अशा सॉफ्टवेअरच्या जाहिरातीतला लाडका मुद्दा. ऐकायला बरा वाटतो. पण कॉम्प्युटरला स्वभाव ओळखायला शिकवतात कसं, हे पाहिलं की त्यातली हवा निघून जाते.

पद्धत साधारण अशी. हजारो व्हिडीओ घ्यायचे. प्रत्येकाला कोणीतरी आधीच 'उत्तर' जोडून ठेवायचं: हा बहिर्मुख, ही काटेकोर, हा चिडका. मग यंत्र व्हिडीओतल्या बारीकसारीक गोष्टी आणि ही उत्तरं यांच्यातला संबंध शोधतं. ओठांचे कोपरे किती वर गेले, मान किती हलली, आवाज किती चढला, दोन शब्दांमध्ये किती थांबले. नंतर नवा व्हिडीओ दिला की ते उत्तराचा अंदाज बांधतं.

म्हणजे सगळा खेळ त्या मूळ उत्तरांचा आहे. ती कोणी दिली? या क्षेत्रात खूप वापरला गेलेला एक संच पाहा. 'चालर्न फर्स्ट इम्प्रेशन्स' असं त्याचं नाव. २०१६ साली एका स्पर्धेसाठी तो तयार झाला. युट्यूबवरच्या व्हिडीओंमधून सरासरी १५ सेकंदांच्या दहा हजार तुकड्या काढल्या. त्यात लोक कॅमेऱ्याकडे बघून बोलताहेत. मग ॲमेझॉनच्या 'मेकॅनिकल टर्क' या, इंटरनेटवरून सुटी कामं वाटणाऱ्या यंत्रणेतल्या लोकांना दोन-दोन तुकड्या दाखवून विचारलं, या दोघांतलं जास्त मनमिळाऊ कोण वाटतं? जास्त शिस्तीचं कोण? पुढे 'मुलाखतीला कोणाला बोलवाल?' हेही विचारलं गेलं.

लक्षात आलं का? व्हिडीओतल्या माणसाला कोणी काही विचारलं नाही. त्याच्या मित्रांना, बॉसला, आईलाही नाही. उत्तर दिलं ते १५ सेकंद बघणाऱ्या अनोळखी लोकांनी. संचाच्या नावातही 'फर्स्ट इम्प्रेशन्स' असंच म्हटलंय, हा संशोधकांचा प्रामाणिकपणा. त्यांनी पुढे स्वतःच तपासलं तेव्हा या उत्तरांत बाई की पुरुष, गोरा की काळा यावरून थोडा का होईना, झुकाव दिसून आला.

ग्लासगो विद्यापीठाचे अलेस्सांद्रो विन्चारेली आणि त्यांच्या सहकारी गेलारेह मोहम्मदी यांनी २०१४ साली या साऱ्या क्षेत्राचा आढावा घेताना हा फरक स्पष्ट मांडला होता. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्याचा अंदाज बांधणं हे एक काम. इतरांना तो कसा वाटतो याचा अंदाज बांधणं हे दुसरं. संशोधक हा फरक पाळतात. अडचण येते ती मालाची विक्री सुरू झाल्यावर. 'तुम्ही लोकांना कसे वाटाल' याचा अंदाज बांधणारं यंत्र 'तुम्ही कसे आहात' हे सांगणारं म्हणून विकलं जातं. कांदेपोह्यांतली ती पहिली नजरच, फक्त ती आता एकाच दिवशी दहा हजार उमेदवारांवर फिरते आणि तिच्या निकालाला दशांश चिन्ह असतं.

चष्मा काढा, स्वभाव बदला

२०२१ साली जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी म्युनिकच्या रेटोरिओ या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासलं. छोट्या व्हिडीओवरून बिग फाइव्हचे गुण देण्याचा त्याचा दावा होता. पत्रकारांनी एका अभिनेत्रीला तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायला लावलं. कधी चष्मा घालून, कधी डोक्याला स्कार्फ बांधून. शब्द तेच, माणूस तोच, गुण मात्र बदलले. मग कॅमेऱ्यासमोरच्या व्यक्तीचा व्हिडीओ तसाच ठेवून फक्त मागे पुस्तकांचं कपाट दाखवलं, पुन्हा गुण बदलले. उजेड कमी केला, तरी बदलले. पुस्तकं मागे ठेवली की माणूस शिस्तीचा होतो, असं असतं तर आपण सगळ्यांनीच लायब्ररीत मुक्काम ठोकला असता.

गंमत म्हणजे असं आपणही करतो. मागे पुस्तकं दिसली की समोरचा अभ्यासू वाटतो. यंत्राने आपल्याकडून घेतलेली सवयच ती.

अमेरिकेत 'हायरव्ह्यू' हे या धंद्यातलं मोठं नाव. उमेदवाराच्या रेकॉर्ड केलेल्या उत्तरांचं विश्लेषण करताना कंपनी चेहऱ्याच्या हालचालीही वापरत होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'एपिक' या खासगीपणाच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संस्थेने तिच्याविरुद्ध तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की चेहऱ्याचं विश्लेषण आम्ही बंद केलंय. कारण? बोलण्यातल्या भाषेचं विश्लेषण आता इतकं सुधारलंय की चेहऱ्यामुळे अंदाजात फारशी भर पडत नाही. ज्या चेहऱ्याची लोक आरशासमोर तासन् तास तयारी करत होते, त्याचा उपयोग मुळात फारसा नव्हता, हे शेवटी विकणाऱ्यांनीच मान्य केलं.

५८ विरुद्ध ५०

तरीही हा विषय संपलेला नाही. २०२० साली रशियातल्या संशोधकांनी सुमारे बारा हजार लोकांचे फोटो आणि त्यांनी स्वतः भरलेल्या स्वभाव-चाचण्या घेऊन यंत्र तयार केलं. इथे उत्तरं अनोळखी बघ्यांची नव्हती, त्या माणसांचीच होती, ही जमेची बाजू. निकाल काय? कुठलेही दोन फोटो समोर ठेवले, तर अमुक गुण कोणात जास्त आहे हे यंत्र ५८ टक्के वेळा बरोबर सांगायचं. नाण्याचे ५० टक्के लक्षात ठेवा आणि मग ५८ कडे बघा.

अलीकडे अमेरिकेतल्या वॉर्टन, येल अशा संस्थांमधल्या अर्थतज्ज्ञांनी अशाच प्रकारच्या यंत्राला सुमारे ९६ हजार एमबीए पदवीधरांचे फोटो दाखवले. चेहऱ्यावरून काढलेल्या 'स्वभावा'चा त्यांच्या शाळेच्या दर्जाशी आणि पगाराशी संबंध दिसतो, असं त्यांचं म्हणणं. बातमी झाली नसती तरच नवल. पण यातून दोन अर्थ निघू शकतात. एक, चेहऱ्यात खरंच स्वभाव दिसतो आणि चांगल्या स्वभावाला चांगला पगार मिळतो. दोन, ज्यांचा चेहरा मुलाखत घेणाऱ्यांना आवडतो त्यांना बढत्या मिळत जातात आणि यंत्र तीच आवड वाचतंय. दुसरा अर्थ खरा असेल तर असं यंत्र भरतीत वापरणं म्हणजे कालच्या अन्यायावर उद्याचा शिक्का मारणं.

शिवाय सरासरीचा आणि एका माणसाचा हिशेब वेगळा असतो. दहा हजार जणांत थोडासा फायदा देणारा अंदाज कंपनीला परवडतो. चुकीच्या बाजूला पडलेले हजारो लोक तिच्या हिशेबात येतही नाहीत. तुम्हाला मात्र नोकरी ५८ टक्के मिळत नाही. एक तर मिळते, नाही तर नाही.

नापास कोण होतं?

२०१७ साली नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑटिझम असलेल्या प्रौढांचे काही सेकंदांचे व्हिडीओ इतरांना दाखवले. बघणाऱ्यांचं मत काही सेकंदांतच प्रतिकूल झालं. याच्याशी बोलायला, शेजारी बसायला नको. मग तेच बोलणं फक्त लिहून दाखवलं. चेहरा नाही, आवाज नाही, नुसते शब्द. प्रतिकूल मत नाहीसं झालं. म्हणजे ते काय बोलले यात काहीच कमी नव्हतं. कमी वाटलं ते बघणाऱ्याच्या नजरेला. अशाच नजरांच्या उत्तरांवर यंत्र शिकवलं, तर काय होईल हे सांगायला नको.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'एसीएलयू' या नागरी हक्क संघटनेने एका कर्णबधिर, आदिवासी समाजातल्या महिलेच्या वतीने इंट्युइट आणि हायरव्ह्यू या कंपन्यांविरुद्ध तक्रार दाखल केली. बढतीसाठी तिला स्वयंचलित व्हिडीओ मुलाखत द्यावी लागली, मागितलेली मजकूरलेखनाची सोय मिळाली नाही आणि नंतर 'लक्षपूर्वक ऐकण्याचा सराव करा' असा सल्ला मिळाला, असं तक्रारीत म्हटलंय. कंपन्यांनी आरोप फेटाळले आहेत. खरं-खोटं ठरायचं तेव्हा ठरेल. पण ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला असा सल्ला मिळू शकतो, ही शक्यताच पुरेशी बोलकी आहे.

आपल्याकडे बघा. मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायची, असं आपल्यापैकी कित्येकांना घरी शिकवलेलं असतं. तो आदर. इंटरव्ह्यूच्या पुस्तकात तोच आत्मविश्वासाचा अभाव. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीत उत्तर देताना मनातल्या मनात वाक्य जुळवते, म्हणून मध्ये थांबते. ते थांबणं कोण कशात मोजणार? ज्याच्या घरात स्वतंत्र खोली नाही, मागे कुकरची शिट्टी आणि धाकट्या भावाचा टीव्ही आहे, उजेड एकाच ट्यूबलाइटचा आहे, त्याच्या 'स्वभावा'चं काय करणार? गडचिरोलीतल्या मुलाचं हसणं कॅलिफोर्नियातल्या युट्यूबरच्या हसण्याशी का ताडून पाहायचं?

नाकाची गोष्ट

हे सगळं नवं वाटत असेल तर एक जुनी मुलाखत ऐका. वर्ष १८३१. जगप्रवासाला निघालेल्या बीगल जहाजाच्या कप्तानाला सोबत एक निसर्गअभ्यासक हवा होता. कप्तान फिट्झरॉय यांचा चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या 'शास्त्रा'वर विश्वास. समोर आलेल्या २२ वर्षांच्या पोराचं नाक बघून त्यांना शंका आली की असल्या नाकाच्या माणसात एवढ्या प्रवासाची धमक असेल का. नशीब, त्यांनी नाकाला फार महत्त्व दिलं नाही. त्या पोराचं नाव चार्ल्स डार्विन. हा किस्सा त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलाय.

सगळी नाकं एवढी नशीबवान नव्हती. ब्रिटिश काळात हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने भारतात लोकांच्या नाकांची मापं घेतली आणि त्यावरून जातींची वरची-खालची उतरंड 'शास्त्रशुद्ध' असल्याचं मांडलं. १९०१ च्या जनगणनेचा तोच प्रमुख. पुढे १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे हाती घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा असल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. मापं अचूक असली तरी त्यातून काढलेला अर्थ चुकीचा असू शकतो, हा धडा त्यात आहे. आज मापपट्टीच्या जागी कॅमेरा आला आहे, धडा तोच आहे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून एक कायदा लागू आहे. व्हिडीओ मुलाखत एआयने तपासायची असेल तर उमेदवाराला आधी सांगायचं, ते कसं चालतं हे समजावायचं आणि संमती घ्यायची. उमेदवाराने मागणी केली तर ३० दिवसांत व्हिडीओ नष्ट करायचा. युरोपियन युनियनने पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या एआय कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांमध्ये चेहरा-आवाजावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. नोकरभरतीत उमेदवार निवडणारी एआय 'जास्त जोखमीची' मानली आहे. म्हणजे वापरा, पण कडक अटींसह आणि माणसाच्या देखरेखीखाली.

भारतात नोकरभरतीतल्या एआयसाठी वेगळा कायदा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती कशासाठी घेतोय हे सांगून संमती घेणं, माहिती पुसण्याची मागणी करता येणं, अशी तत्त्वं त्यात आहेत. पण 'मला यंत्राने का नाकारलं, ते सांगा' असं विचारण्याचा हक्क त्यात नाही. आणि खरं बोलायचं तर, प्लेसमेंटच्या वेळी 'मी सहमत आहे' या चौकोनात टिक न करण्याची चैन कोणाला परवडते?

मग आपण काय करायचं?

एक, विचारायचं. एकट्याने विचारायला संकोच वाटतो, म्हणून प्लेसमेंट सेलमार्फत विचारा. व्हिडीओ माणूस बघतो की सॉफ्टवेअर गुण देतं? चेहरा आणि आवाज मोजला जातो का? रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात? अपंगत्व असेल, बोलताना अडखळत असाल तर दुसरा पर्याय आहे का? कॉलेजने कंपनीला हे चार प्रश्न लेखी पाठवले तर कोणाचं काही बिघडत नाही.

दोन, तयारी करायची ती उत्तरांची. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून आणि आवाज स्वच्छ, एवढं पुरे. हसण्याचा सराव करत बसू नका. कुठलं हसणं यंत्राला आवडतं हे विकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. मात्र ठोस उदाहरणाचं उत्तर माणसाला कळतं.

तीन, आणि हे सगळ्यात आपल्या हातातलं. उद्या कॉलेज फेस्टसाठी कोअर कमिटी निवडताना, एकांकिकेसाठी बॅकस्टेजची माणसं घेताना, ग्रुप प्रोजेक्टला पार्टनर शोधताना टेबलाच्या पलीकडे आपणच असतो. तेव्हा सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण द्या आणि मगच आपसांत चर्चा करा. ठरलेल्या चौकटीतल्या अशा मुलाखती मोकळ्या गप्पांपेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतात, हे नोकरभरतीवरच्या संशोधनात वारंवार दिसून आलंय. जमलं तर एखादं छोटं काम प्रत्यक्ष करायला द्या. पोस्टर करणाऱ्याला पोस्टर करू द्या, त्याच्या हस्तांदोलनाचं काय करायचंय?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचे १५ सेकंद आणि त्याची उरलेली वर्षं यांचं तसं नसतं. मुलाखतीतला घाबरा मुलगा तीन महिन्यांनी टीमचा आधार होतो आणि चुरुचुरु बोलणारा डेडलाइनच्या दिवशी फोन उचलत नाही. तुमच्या मागच्या ग्रुप प्रोजेक्टची एकदा आठवण काढा. सगळ्यात जास्त काम कोणी केलं होतं, आणि पहिल्या दिवशी त्याच्याबद्दल तुमचं मत काय होतं?